तोंडावर हात ठेवणाऱ्यासाठी फोन

साहेब काचेच्या पलीकडून ओरडला, "अरे बोल ना! तोंडात काय कोंबून ठेवलंयस?"

मी बोलूनच राहिलो होतो. माह्या हिशेबानं चांगला मोठ्यानं बोलत होतो. डाव्या हातात फोन, कानाले लावलेला. साहेबाचा आवाज माह्या कानात येत होता, अगदी पडद्यापाशी. माहा आवाज त्याच्याकडं जात नव्हता.

मंग साहेबानं नीट पाहिलं. फोन खाली ठेवला आणि काचेवर बोट टेकवून हसला. नुसता हसून थांबला नाही. उठला, दार उघडलं, बाहेरच्या बाबू लोकांले हाक मारली. "या, या लवकर. हे बघायलाच हवं."

सारे काचेपाशी गोळा झाले. साहेबानं फोन पुन्हा उचलला. "आता परत कर. घाबरू नको. मघाशी केलंस तसंच. म्हण, हॅलो साहेब."

मी म्हटलं, "हॅलो साहेब."

काचेपलीकडं हसू फुटलं. एक जण टेबलावर हात आपटून हसत होता. एक बाई पदर तोंडाले लावून हसत होती. मले समजेना मी काय केलं. मी माह्या शर्टाकडं पाहिलं. पायाकडं पाहिलं. पँट तर फाटली नाही, ते पाहिलं.

तेवढ्यात सुपरवायझर मिश्रा मागून आला. त्यानं माहं उजवं मनगट धरलं आणि ओढलं. "अबे, हाथ हटा. फोन से क्या शरमाता है?"

तवा मले समजलं. माहा उजवा हात माह्या तोंडावर होता. अख्खा पंजा. तोंड आणि फोन याच्या मधात. मी तो ठेवला नव्हता. तो आपला आपणच तिथं जाऊन बसला होता.

"सोडा, सोडा, मिश्राजी," साहेब म्हणाला. "हात काढू नका. असाच हवाय मला."

आणि त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. प्रदर्शनातल्या ढोराची शिंगं मोजून लिहितात, तसं.

कंपनी टेलिफोन बनवायची. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत. तिचं नाव मी सांगत नाही. माह्या लिहिण्यानं तिले मोठं कशाले करू? मी तिथं ठेकेदाराचा माणूस होतो. खोके उचलायचे, गाडीत भरायचे, फरशी झाडायची. पक्का नव्हतो. पक्का म्हणजे काय, ते कच्चं राहून पाहिलेल्या माणसालेच समजते. पक्क्या माणसाले कंपनीचे कपडे, बिमार पडला तर सुट्टी, घरचं कोणी बिमार पडलं तर मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. कच्च्या माणसाले गेटवरचा चौकीदार रोज नव्यानं पाहते, जसा कालचा चोर आज पुन्हा आला.

मले ती चिठ्ठी पाहिजे होती. माही पोरगी दम्याची. थंडी पडली की तिची छाती भात्यासारखी वाजे. तिची माय तिले उभी धरून बसे, आडवी केली की तिचा श्वास अडके. पोरीसाठी मले पक्कं व्हायचं होतं. दुसरं काही नाही. बाकी सारं मी त्याच्यासाठी सहन करून राहिलो होतो.

तवा बटनाचा फोन नवीन होता. त्याच्या अगोदर बोटानं चकती फिरवायची. आता खेड्यापाड्यात फोन जाणार अशी हवा होती, म्हणून पुण्याकडून एक जवान इंजिनिअर साहेब आला. गोरा, चष्म्याचा, बोलायले गोड. त्याचं काम एकच. हा फोन अडाणी माणसाले चालवता येते का, ते पाहायचं. बोट कुठं घुटमळते, कोणतं बटन समजत नाही, माणूस कुठं भितो. चांगलं काम आहे. मी आजही म्हणतो, चांगलं काम आहे. यंत्र बनवणाऱ्यानं वापरणाऱ्याले पाहिलंच पाहिजे. पण तो कसा पाहते, सारं तिथं आहे.

मिश्रानं आम्हाले लाइनीत उभं केलं. "अनपढ कौन कौन है?"

तो माह्यापुढं येऊन थांबला. "तू?"

"मी तिसरी शिकलो," मी म्हटलं.

"तीसरी माने अनपढ. चल."

दुसरा निवडला किसन. उमरेडचा कोष्टी. घरचा हातमाग बसला म्हणून खोके उचलायले आलेला. तो शाळेच्या पायरीलेही शिवला नव्हता, पण त्याले अनपढ म्हटल्याचं काही वाटेना. मले मात्र लागलं. तिसरी काय फुकट भेटली होती?

"काहून रागावतं गा," किसन म्हणे. "खुर्चीवर बसायचं, फोन खेळायचा, खोके नाही उचलायचे. म्या तर जन्मभर अनपढ राहाले तयार हावो."

साहेबानं आम्हा दोघांले समोर घेतलं. खांद्यावर हात नाही ठेवला, पण आवाजात ठेवला. "नीट काम करा. मोठ्या पाहुण्यांना दाखवता आलं तर दोघांनाही पक्कं करून घेतो. शब्द आहे माझा."

मी त्या दिवशी घरी जाऊन शेवंताले सांगितलं. शेवंता माही बायको. ती बिड्या वळे. तिनं पान खाली ठेवलं नाही, हात थांबवला नाही. फक्त विचारलं, "कवा?"

मले वाटलं होतं ती खुश होईन. ती खुशच होती. तिची खुशी अशीच असे, हिशेबी.

टेबलावर दोन फोन राहायचे. एक किसनचा, एक माहा. माह्या फोनच्या दांडीले लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती, वायरमन लोक वापरते तशी. मले वाटलं तपासणीची काही खूण असन. खरं सांगतो, मले बरं वाटलं. किसनचा साधा, माहा खुणेचा. मी त्याले चिडवलं पण, "पाह्य, माह्या फोनले फेटा बांधला." तो हसला नाही. तवाच मले समजाले पाहिजे होतं.

एक दिवस किसन यायचा होता, मी अगोदर आलो. गडबडीत त्याच्या फोनसमोर बसलो आणि उचलला. मिश्रा असा धावला जसा मी उघड्या तारेले हात लावला.

"अबे अबे अबे! वो नहीं! लाल वाला तेरा!"

"दोन्ही सारखेच तर आहेत," मी म्हटलं.

"सारखे हैं तो लाल वाला ले ना." मंग आवाज खाली करून, समजावल्यासारखं, "ये वाला बाद में ऑफिस में लगना है. साहब लोग मुंह लगाएंगे. समझा कर."

आणि फडकं घेऊन त्यानं किसनचा फोन पुसला. बोलायच्या भोकाची बाजू दोनदा पुसली. किसन दारात येऊन उभा होता. त्यानं सारं पाहिलं आणि तो खाली पाहू लागला.

कप वेगळा असते, ते मले माहीत होतं. कारखान्यातही आमचे कप नळापाशी उलटे ठेवलेले राहत, ते कोणाचे, ते साऱ्यांले न सांगता समजे. पण हे यंत्र नवीन होतं. अजून बाजारातही गेलं नव्हतं. कोणाच्या घरात लागलं नव्हतं. त्याची घंटी कशी वाजते ते अर्ध्या देशाले माहीत नव्हतं. आणि त्याच्या अगोदर त्याची पट्टी तयार होती.

मी लालवाला घेतला. माह्या पोरीचा दवाखाना त्या खोलीत होता.

आता त्या हाताचं सांगतो.

माहा बाप मौद्याकडच्या एका खेड्यात मालगुजाराच्या शेतावर राबे. मालगुजार ओट्यावर बसे. बाप खाली उन्हात, लांब. बोलायचं तर कमरेत वाकून, आणि पंजा तोंडावर धरून. काहून? आपला श्वास त्याच्या आंगावर जाऊ नये. थुंकी तर सोडाच, श्वास. मी लहान होतो. एकदा बापानं मले निरोप घेऊन पाठवलं. मी ओट्यासमोर गेलो आणि सरळ बोललो, "मालक, बैल बिमार आहे."

मालगुजारानं मले काही नाही केलं. त्यानं बापाले बोलावून घेतलं आणि म्हणाला, "तुह्या पोट्ट्याले तोंड फुटलं." एवढंच. बापानं तिथंच त्याच्यासमोर माह्या कानफटात हाणली. मंग माहा उजवा हात धरला आणि माह्याच तोंडावर दाबला. इतका दाबला की दात ओठात रुतले. "असा ठेव. असा!" मालगुजार पान चघळत पाहत होता. त्याचं पाहून झाल्यावर म्हणाला, "आता बोल."

मी हाताआडून म्हटलं, "बैल बिमार आहे."

"आता कसं," तो म्हणाला.

पुढं बाप नागपूरले दीक्षेले गेला. पांढरे कपडे घालून परत आला. घरातले देव टोपल्यात भरले आणि कन्हानच्या पाण्यात सोडून आला. मेलेलं ढोर ओढणं बंद. ओट्यासमोर जाणं बंद. गाव सोडलं आणि शहरात मजुरीले उभा राहिला. देव एका दिवसात गेले. हात नाही गेला. तो त्यानं माह्या आंगात ठेवून दिला होता आणि मले त्याचा पत्ता नव्हता. समोर माणूस दिसत असला तर मी न कळत त्या हाताले पाठीमागं धरून ठेवी. फोनात माणूस दिसत नाही. फोनात नुसता मालकाचा आवाज राहते, कानाच्या आत. तिथं हात मले विचारत नव्हता.

काही दिवसांनी साहेबानं एक नवा फोन आणला. खोक्यातून असा काढला जसं तान्हं लेकरू. दांडी जाड होती. आवाज घ्यायची भोकं खाली तोंडापाशी नव्हती, बाजूले गालाकडं होती. आत जास्त ताकदीचा माईक होता म्हणे.

"हा तुझ्यासाठी बनवून घेतलाय," साहेब म्हणाला. "ठेव हात तोंडावर. बोल आता."

मी हात ठेवला. बोललो. काचेपलीकडं साहेबाचा चेहरा उजळला. "क्लिअर! एकदम क्लिअर!"

मले अभिमान वाटला. हो, वाटला. पुण्याच्या साहेबानं माह्यासाठी फोन बनवला. मी घरी गेलो ते छाती काढूनच. शेवंताले सांगितलं, "साहेबानं माह्यासाठी फोन बनवला वं. खास माह्यासाठी."

"तुह्यासाठी?" ती म्हणे. "मंग घरी काहून नाही आणला?"

मी हसलो. तिले सारं समजावून सांगितलं. हाताचं, भोकाचं, गालाचं. ती ऐकत होती, बिडीले दोरा बांधत होती. मंग म्हणाली, "हात काढून बोललं तर फोन लागत नाही का?"

"लागते ना."

"मंग नवा फोन कशाले? हातच काढ ना."

बाईनं एका वाक्यात सांगितलं ते साहेबाच्या डोक्यात आलं नव्हतं. माह्याही नव्हतं.

त्या आठवड्यात मी घरी हात खाली ठेवायची तालीम केली. पोरीची लाकडी फणी कानाले लावायची. शेवंता माह्या पाठीमागं उभी राहून साहेबाचा आवाज काढे. "अरे बोल ना! तोंडात काय कोंबलं!" ती असा नाकातून आवाज काढे की पोरगी खोकलत खोकलत हसे. हात वर जाये. मी त्याले मांडीखाली दाबून धरी. पुन्हा जाये. पुन्हा दाबी. असं करता करता तो बसला. एक दिवस शेवंता ओरडली, शिव्याही दिल्या, मालगुजारानं दिल्या असत्या तशा, आणि हात हलला नाही. शेवंता म्हणाली, "झालं." मले वाटलं मी जन्मातलं मोठं काम केलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबाले जाऊन सांगितलं. "साहेब, आता मी जुन्या फोनवरही बोलू शकतो. सवय मोडली."

मले वाटलं शाबासकी भेटन. त्याचं तोंड उतरलं.

"मोडली म्हणजे?"

मी दाखवलं. जुना फोन, हात मांडीवर. सरळ बोललो.

त्यानं चष्मा काढला, पुसला. "अरे, मग मी पाहुण्यांना काय दाखवू? दिल्लीची माणसं येतायत. आधी जुना फोन, हात तोंडावर, आवाज नाही. मग नवा फोन, हात तसाच, आवाज आला. हेच तर दाखवायचंय. हात काढून कसं चालेल? तो हातच तर आपलं प्रॉडक्ट आहे."

"पण साहेब, मले आता..."

"पक्कं व्हायचंय ना?"

मी जुना फोन खाली ठेवला.

"मग त्या दिवशी हात ठेवायचा. आणि नीट ठेवायचा. पहिल्या दिवशी ठेवला होतास तसा, मनापासून."

मनापासून. हा त्याचा शब्द. मी तो विसरलो नाही.

पाहुणे आले. मोठी ऑर्डर देणारी माणसं होती. खोलीत खुर्च्या मांडल्या, भिंतीवर भोंगा लावला, म्हणजे फोनात काय बोललं ते साऱ्यांले ऐकू जाईन. टेबलावर जुना फोन लाल पट्टीचा, बाजूले नवा. मले कंपनीचा शर्ट दिला होता, एका दिवसापुरता. तो पक्क्या माणसाचा शर्ट आंगावर घालून मी कोपऱ्यात उभा होतो. माह्यामागं किसन. त्याले राखीव म्हणून ठेवला होता, जसा गाडीत एक चाक जास्तीचं ठेवतात.

साहेब हिंदीत सांगत होता. मले हिंदी समजते. नागपूरच्या माणसाले हिंदी कोण शिकवते?

"ये इन लोगों की आदत है. पीढ़ियों की. बड़े आदमी की आवाज सुनते ही मुंह पर हाथ. हम आदत नहीं बदल सकते. लेकिन मशीन बदल सकते हैं."

एकानं विचारलं, "किन लोगों की?"

साहेब थोडा हसला. डोळ्यानं माह्याकडं दाखवलं आणि भुवया थोड्या वर केल्या. पाहुण्यानं "अच्छा, अच्छा" केलं. त्याले सारं समजलं. अशा वेळी ह्या लोकांले फोन लागत नाही, तार लागत नाही. भुवई पुरते.

हम आदत नहीं बदल सकते. मी तिथं उभा होतो. माहा हात खाली होता. मी तो घरी, फणी घेऊन, बायकोच्या शिव्या ऐकत बदलला होता. आणि हा माणूस मले समोर ठेवून सांगत होता की ते होत नाही. त्याले ते व्हायलाच नको होतं. मालगुजाराले माहं तोंड बंद पाहिजे होतं. ह्याले माहं तोंड बंद पाहिजे होतं आणि वरून आवाजही पाहिजे होता.

मंग तो दिल्लीचा मोठा पाहुणा उठला. हौशी असन. "देखें तो," म्हणत टेबलापाशी आला आणि जुना फोन उचलायले हात घातला. लाल पट्टीचा.

"सर, वो नहीं!" साहेब झटकन मधात आला. "वो रहने दीजिए. आपके लिए दूसरा मंगवाता हूं."

पाहुण्यानं पट्टी पाहिली. माह्याकडं पाहिलं. आणि हात असा मांगं घेतला, असा, की जसं ताटात झुरळ दिसलं. मंग खिशातला रुमाल काढून बोटं पुसली. त्यानं फोनले हातही लावला नव्हता.

साहेब काचेपलीकडं गेला. मिश्रानं मले ढकललं. "चल, बैठ. मन से करना."

मी बसलो. लाल पट्टीचा फोन कानाले लावला. भोंग्यातून साहेबाचा आवाज आला आणि माह्या कानातूनही आला, दोन्हीकडून. "हॅलो. मेरी आवाज आ रही है?"

मी उजवा हात टेबलावर ठेवला. पालथा. साऱ्यांले दिसन असा.

"येते," मी म्हटलं. भोंगा दणाणला. माहा आवाज एवढा मोठा मी जन्मात ऐकला नव्हता. "तुमचा आवाज लहानपणापासून येऊन राहिला. आता माहा ऐका."

काचेपलीकडं साहेब उभा झाला. हातानं खुणा करू लागला. हात वर, हात वर.

"हात मी ठेवत नाही. आणि ह्या फोनले लाल पट्टी काहून लावली, ते पाहुण्यांले सांगा. तुम्ही नाही सांगत तर मी..."

खट् झालं. भोंगा मेला. साहेबानं तार ओढली होती.

मी फोन ठेवून पाहुण्यांकडं वळलो आणि तसंच सांगितलं, फोनबिगर. पट्टीचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं, उलट्या कपांचं सांगितलं. कोणी हसलं नाही. कोणी रागावलं नाही. एकानं घड्याळ पाहिलं. एक छताच्या पंख्याकडं पाहत होता. दिल्लीच्या मोठ्या पाहुण्यानं माहं बोलणं पूर्ण होऊ दिलं, चांगल्या घरचा होता ना, आणि मंग साहेबाकडं पाहून विचारलं, "दूसरा आदमी है क्या?"

मिश्रानं किसनले पुढं ओढलं.

मले दोघांनी धरून बाहेर नेलं. गेटवर शर्ट काढून घेतला. माहा स्वतःचा शर्ट आत राहिला होता, तो कोणी आणून देईना. मी बनियनवर रस्त्यात उभा होतो तवा आतून टाळ्या ऐकू आल्या. किसननं हात तोंडावर ठेवला होता. नवा फोन पास झाला.

घरी शेवंताले सांगितलं. लपवून काही ठेवलं नाही. तिनं सारं ऐकलं. पोरगी तिच्या मांडीवर बसून श्वास ओढून राहिली होती.

"हात काढायले मीच शिकवलं तुले," ती म्हणाली. "पण त्याच दिवशी काढ म्हणून नाही सांगितलं. पक्का झाल्यावर काढला असता. एक दिवस ठेवला असता तर मेला असता का?"

"हो," मी म्हटलं.

"आता उद्या पोरीले काय पाजशीन? तुहा आवाज?"

मी पोरीले तिच्या मांडीवरून घेतलं आणि उभी धरून बसलो.

पुढं एकदा किसन सीताबर्डीच्या बाजारात भेटला. आंगावर पक्क्याचे कपडे. मले पाहून पळाला नाही, एवढं त्याचं मानतो. म्हणे, "म्या नुस्ता हात ठेवला गा. माहं काय गेलं?"

"तुहं काहीच नाही गेलं," मी म्हटलं. "तो हात तुहा नव्हताच."

तो खाली पाहू लागला. त्याले तेच येत होतं.

मंग मिश्रा आला. वस्तीत नाही आला. गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभा राहिला आणि तिथूनच हाक मारली. मी गेलो. शेवंता दारात बिड्या वळत बसली होती, गल्ली अरुंद, तिले सारं ऐकू जात होतं. आत पोरगी खोकलत होती. तेही मिश्राले ऐकू जात होतं.

"देख, साहब का दिल बड़ा है," तो म्हणाला. "जो हुआ सो हुआ. अब बंबई की पार्टी आ रही है. किसन का हाथ नकली दिखता है. हंस देता है साला. तेरे वाला असली था. एक बार आके कर दे, उसी दिन पक्का."

"आणि लाल पट्टी?"

"उसमें तेरा क्या जाता है?" त्याले खरंच नवल वाटलं. "फोन तो मिल रहा है ना हाथ में?" मंग घराकडं पाहून, "बच्ची का सोच."

मी मांगं वळून पाहिलं. शेवंताचे हात थांबले होते. आमच्या लग्नापासून मी तिचे हात थांबलेले पाहिले नव्हते. तिच्या तोंडावर काय होतं ते मी खरं सांगतो, कारण अशा जागी लोक खोटं लिहितात. बायको ताठ उभी राहिली, नवऱ्याचा अभिमान वाटला, असं लिहितात. तिच्या तोंडावर 'हो म्हण' असं होतं. दुसरं काही नव्हतं.

मी मिश्राले म्हटलं, "नाही."

"सोच ले."

"सोचलं. साहेबाले सांग, तो असली हात आता ह्या आंगात नाही. दुसरीकडं शोधा म्हणा."

मिश्रा सायकल फिरवून गेला. शेवंता उठली, पोरीले घेऊन आत गेली आणि तिनं दार लावलं. कडी लावल्याचा आवाज मी ऐकला. मी बाहेर बसलो.

पुढं मी इतवारीत हमाली केली, पाठ वाकेपर्यंत. पोरगी सरकारी दवाखान्याच्या रांगेत मोठी झाली. तिचा दम गेला नाही. आजही जिना चढताना ती मधात थांबते, कठड्याले धरते, आणि मी खाली उभा राहून तिचा श्वास मोजतो. तिले सारं माहीत आहे. तिनं मले माफ केलं का, ते मी विचारलं नाही. विचारणार नाही. माफी मागावी असं मी काही केलं नाही. ज्यानं पोरीचा दवाखाना आणि बापाची अब्रू एकाच टेबलावर मांडली आणि म्हणाला, एक उचल, गुन्हा त्याचा. ती छाती वाजते ते त्याच्या नावानं वाजते. हे मी तिले सांगून ठेवलं आहे, तिनं ते मानो की न मानो.

ती नोकरी मले पाहिजे होती. कोणी म्हणन, बरं झालं गेली, तर तो खोटारडा. ती मले आजही पाहिजे. पण मिश्रा उद्या पुन्हा त्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, तेच बोलला, आत पोरगी तशीच खोकलत असली आणि दारात शेवंता तशीच माह्याकडं पाहत असली, तरी माहं उत्तर तेच राहीन. नाही. आणि ह्या वेळी मी मांगं वळून पाहणार नाही.